सात ढेकळं

फार पूर्वी, समुद्राकाठच्या नॉर्मंडी मुलखात एक जमीनदार राहत होता. बायको, एमेलीन नावाची एकुलती एक चिमुकली लेक आणि सफरचंदांची बाग, एवढा त्याचा संसार. पण त्याच्या राजाने समुद्रापलीकडचा देश जिंकला, त्यालाही तिकडे एक गाव दिलं आणि गडी तिकडचाच झाला.

त्या काळी जमीन द्यायची म्हणजे तिथल्या मातीचं ढेकूळ घेणाऱ्याच्या हातावर ठेवत. जमीनदार ती ढेकळं पेटीत जपून ठेवी. "आणखी एक गाव मिळू दे, मग येतोच," असा निरोप घरी धाडी. असे निरोप ऐकत ऐकतच एमेलीन लग्नाची झाली.

बायकोने माणूस पाठवला. "सुगीनंतर लेकीचं लग्न आहे. तिचा हात नवऱ्याच्या हाती तुम्हीच द्यायचा, असं म्हणते. रोज धक्क्यावर जाऊन बसते. या."

नेमकं तेव्हाच राजाने सातवं गाव देऊ केलं. जमीनदार गलबतापर्यंत गेला, घुटमळला. लेक काय, समजून घेईल. गाव मात्र दुसऱ्याच्या घशात जाईल! तो माघारी फिरला.

वर्षं गेली. केस पिकले, खोकला जडला, आणि त्याला एकटेपणाची भीती वाटू लागली. पेटी घेऊन तो मायदेशी परतला. बायको केव्हाच वारली होती, लेक सासरी नांदत होती. तो मठात गेला.

"फादर, माझी सातही गावं घ्या. माझ्यामागे माझ्यासाठी प्रार्थना तेवढी करा."

"करू की," मठाधिपती म्हणाले. "पण रीत ठाऊक आहे ना? घरच्या माणसानेही ढेकळांना हात लावून संमती द्यायची."

एमेलीनला बोलावणं गेलं. ती दोन मुलांना घेऊन आली. एकेका ढेकळाला तिने हात लावला.

"एमेलीन, ओळखलंस ना गं मला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमचे निरोप पाठ आहेत," ती म्हणाली. "चेहरा आठवत नाही. लग्नात आईनेच माझा हात दिला. तोवर मी धक्क्याकडेच बघत होते."

तिने वाकून नमस्कार केला आणि ती निघाली.

दारात धाकटीने विचारलं, "आई, ते आजोबा कोण गं?"

"मोठे जमीनदार आहेत, बाळा. सात गावांचे."

म्हाताऱ्याने ते ऐकलं. रिकामी पेटी मांडीवर घेऊन तो तिथेच बसून राहिला. त्याला न्यायला कुणी येणार नव्हतं.

तात्पर्य: आपल्या माणसांच्या वाट्याचे दिवस दुसरीकडे खर्च केले, तर पुढे सगळं देऊन टाकलं तरी ते परत मिळत नाहीत.