दुसरी बाटली

"म्हणजे ही वाइन अजून पिकलीच नसेल, असं तुम्ही सांगा ना," केळुसकर सर तिसऱ्यांदा म्हणाले.

दाविदबाबा बाटली उजेडाकडे धरून पाहत राहिले.

दिंडोरीजवळच्या त्या तळघरात दाविदबाबा पंचवीस वर्षं वाइन सांभाळत होते. तरुणपणी फ्रान्समध्ये त्यांनी पिंपं धुतली होती. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चौतीस वर्षांपूर्वी त्यांनी फ्रान्समधल्या बोर्दोहून लाल वाइनच्या सारख्याच दोन बाटल्या आणल्या होत्या. आज त्यातली एक घेऊन आले होते.

"ठेवली कुठे होती?"

"कपाटात. हिच्या शालूंच्या खाली, आडवी. प्रकाश लागू दिला नाही मी."

"शिकलेल्या माणसाचं काम."

"ती दर वाढदिवसाला विचारायची, आज उघडायची का? मी म्हणायचो, अजून पाच वर्षं. कॅबर्ने द्राक्षांची तुरट असते, तिला वेळ द्यावा लागतो. पुस्तकांत तसंच आहे. मी सगळी वाचलीत..."

"आणि बाई?"

"गेल्या श्रावणात गेली."

...

"पिकली नसेल, तर माझं बरोबर होतं," सर म्हणाले. "एवढंच ऐकायचंय मला."

दाविदबाबांनी बूच काढलं. मेणबत्ती लावली. बाटलीची मान ज्योतीपुढे धरून वाइन काचेच्या सुरईत ओतू लागले, अगदी सावकाश. गाळ मानेशी आला तसा हात थांबला.

रंग जुन्या कौलासारखा झाला होता.

सरांनी सुरई उचलली आणि आपल्या ग्लासात ओतू लागले.

"अंहं. आपल्या ग्लासात आपण ओतायची नाही."

"घरी माझं सगळं मीच..."

"इथे नाही, सर."

बाबांनी त्यांना ओतून दिली. मग सुरई त्यांच्या हातात देऊन स्वतःचा ग्लास पुढे केला. सरांनी ओतली. थोडी टेबलावर सांडली.

"साठ टक्के कॅबर्ने," पहिल्या घोटाला सर म्हणाले. "बाकी मर्लो द्राक्षं."

"चवीत कुठे आहे मर्लो?"

सरांनी दुसरा घोट घेतला. तोंडात घोळवला. डोळे मिटले.

"ओली माती... तंबाखू... सुकलेली पानं." ते थांबले. "पण यातलं कोणाचं काय, ते सांगता येत नाही."

"नवी असती तर सांगता आलं असतं. तेव्हा दोघी भांडतात."

"आणि आता?"

बाबांनी आपला ग्लास उचलून एक घोट घेतला.

"पिकली आहे म्हणायची?"

"पिकली आहे."

"दहा वर्षांपूर्वी?"

"तेव्हाही चांगली लागली असती. वेगळी."

"वीस?"

"तुरट लागली असती. तोंडं वाकडी करून दोघं हसला असतात."

सरांनी ग्लास खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

...

"दुसरी आहे अजून," सर म्हणाले. "शालूंच्या खालीच. ती किती वर्षं ठेवू?"

दाविदबाबांनी मेणबत्ती विझवली.

"ठेवू नका. तुमच्या शेजारी कोण राहतं, सर?"