रिकाम्या वाट्यांचा शाप

एका राज्यात धान्याला तोटा नव्हता, तरी माणसे भुकेने मरत होती. ताटे भरलेली, पोटे भरलेली, अंगात मात्र त्राण नाही. कुणाचेच अन्न अंगी लागत नव्हते. राजवाड्यातला धाकटा राजपुत्र निषध दूधभात खाऊन निजे आणि गार पडत जाई. त्याची थोरली बहीण वनजा त्याच्या नाकापाशी बोट धरून बसे. श्वास जरा लांबला, की ती त्याला हलवून जागा करी.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलला.

"राजकन्ये, बोट धरून काय होणार? आत जाऊन पाहा."

"आत? कशाच्या आत?"

"भावाच्या. भीती वाटते?"

"वाटते."

"मग आत्ताच चल. बसून राहिलीस तर वाढेल."

पक्ष्याने पंख झाडला. वनजा धुळीच्या कणाहून लहान झाली आणि निषधाच्या श्वासाबरोबर आत ओढली गेली. रक्ताच्या नदीतून वाहत ती एका पेशीच्या दाराशी लागली. देहात अशा अगणित पेशी, आणि पेशीपेशीत अग्निकरांची वस्ती. युगांपूर्वी पाहुणे म्हणून आलेले हे लोक परत गेलेच नाहीत. अन्नातून ठिणग्या काढाव्या, घरधन्याला द्याव्या, एवढेच त्यांचे काम. पण वनजा पोचली तेव्हा सारी वस्ती हात बांधून बसली होती.

"काम का थांबले?" वनजाने विचारले.

वस्तीतली म्हातारी म्हणाली, "आधी करून बघ, बाई. मग विचार."

पहिले काम असे, की साखरेचा कण फोडायचा, पण पेटू द्यायचा नाही. एकदम पेटला तर घरच जळेल. वनजाने तो हलक्या हाताने फोडला. दुसरे, ते तुकडे फिरत्या चक्रावर धरून त्यांतला जाळ थोडाथोडा काढून घ्यायचा. बोटे पोळली, पण तिने घाई केली नाही. तिसरे, दमलेल्या जाळाला शेवटी वारा भेटवायचा. तिने आपल्याबरोबर आलेला श्वास पुढे केला. जाळ निवला, त्याचे पाणी झाले, आणि वस्तीच्या बांधावरचा, ठिणग्या पाडणारा रहाट घरघर फिरू लागला.

ठिणगी मात्र एकही पडली नाही.

"माझं काय चुकलं?" वनजा रडवेली झाली.

"तुझं नाही, पोरी. ठिणगी झेलायला वाटी लागते. भरलेली वाटी द्यायची, वापरून झाली की लगेच रिकामी परत घ्यायची, पुन्हा भरायची. कुणी साठवायची नाही, ही आमची रीत. तुझ्या बापाने वाट्या नेल्या, त्या परत दिल्याच नाहीत."

निषधाच्या उच्छ्वासाबरोबर वनजा बाहेर आली, होती तेवढी झाली आणि थेट आईच्या महालात गेली. राणी मेघावती असाध्य दुखण्याने जाऊ लागली, तेव्हा एका मांत्रिकाने राजाला सांगितले होते, राज्यातल्या साऱ्या देहांतल्या ठिणग्या वाट्यांसकट आणून तिच्या उशाशी मांड. तेव्हापासून राणी ना जागी, ना मेलेली. भोवती वाट्यांच्या राशी, बहुतेक विझलेल्या. राजा पृथुसेन त्यांची राखण करत बसलेला.

"तात, रिकाम्या तरी का ठेवल्यात?"

"परत दिल्या आणि भरून आल्याच नाहीत तर?"

"निषध जातो आहे."

"आणि हिला जाऊ देऊ?"

"आई तुमच्याशी शेवटचं कधी बोलली?"

वनजाने वाटीला हात घातला, पण ती जागची हलेना.

"ज्याने अडवल्या, त्यानेच सोडाव्या," खिडकीतून भारद्वाज म्हणाला.

राजा उठला. एकेक वाटी त्याच्या हातून सुटून वाऱ्यात विरत गेली. शेवटची अजून तेवत होती. ती त्याने फार वेळ ओंजळीत धरली. मग बोटे उघडली. राणीचा श्वास थांबला. वनजाने आईचे केस सारखे केले.

शेजारच्या दालनातून हाक आली, "ताई, भूक लागली गं."

राज्यभर माणसे उठून बसली. नांगर चालले, चुली पेटल्या, शाप सरला. राजा मात्र निषधाच्या दालनाच्या उंबऱ्यावरच थिजला होता.

"महाराज," भारद्वाज हळू म्हणाला, "अग्निकरांची वस्ती बापाकडून येत नाही. लेकराला ती आईच देते, आईला तिच्या आईने दिलेली. पोराच्या अंगात पेटले आहे, ते राणीचेच."

निषध जेवला आणि झोपला. राजा त्याचे तळपाय हातांत घेऊन बसला, ते ऊन होईपर्यंत, आणि झाल्यावरही.