साहेबांनी दूध ढवळायला सांगितलं

एका गावात एक भोळा दूधवाला होता. भोळा हा शब्द बायको चारचौघांत वापरते, घरी वेगळा वापरते. तो दूधवाला म्हणजे मी, गेणू. माझ्या दुधात भेसळ नाही. डोक्यातही नाही, अकलेचीसुद्धा.

एकदा दूध तपासणारे तांबोळी साहेब आले. म्हणाले, "गेणू, किटलीत पाण्याचा थेंब सापडला, तर परवाना गेला म्हणून समज."

मी घाबरलो. त्या दिवसापासून किटली पाण्यानं धुणंच बंद केलं. दूध गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत नासलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, किटली उकळत्या पाण्यानं धुवायची आणि पालथी घालायची."

"एवढंच ना?"

सकाळी किटली धुतली. धार काढली. किटली काठोकाठ भरली आणि पालथी घातली. गल्लीतली मांजरं अजून माझं नाव काढतात.

बायको पारू म्हणाली, "अहो, रिकामी पालथी घालायची. भरलेलीला झाकण लावायचं, आणि ते उघडं टाकायचं नाही. माश्या बसतात."

दुसऱ्या दिवशी मी गावभर फिरलो, पण झाकणाला हात लावला नाही. सुमनकाकू पातेलं घेऊन दारात उभ्या.

"दूध घाल की रे."

"घातलं असतं काकू, पण झाकण उघडावं लागेल."

भरली किटली घेऊन घरी आलो. गावात कुजबुज सुरू झाली, गेणू झाकण उघडत नाही म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहे. तक्रार गेली आणि साहेब यंत्र घेऊन आले. म्हणाले, "नमुना नापास झाला, तर परवाना आजच रद्द."

परवाना गेला तर पोरांना काय घालू?

"दूध नीट ढवळून ठेव," साहेब म्हणाले. "वर एक, खाली एक असं राहता कामा नये." आणि ते पारूनं दिलेला चहा घ्यायला ओसरीवर बसले.

परवान्याचा प्रश्न. हयगय नको, म्हणून मी रवीच घेतली. घाम निघेपर्यंत घुसळलं. तर वर पांढरं काहीतरी तरंगायला लागलं. म्हटलं, हीच ती भेसळ. सगळं हातानं काढून घेतलं. खालचं पातळ तेवढं साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी ते यंत्रात घातलं. भुवया वर गेल्या. "गेणू, यात फॅटच नाही. लोणी कुणी काढलं?"

मी मिशी पुसली. "मीच साहेब. बरंच निघालं. तुमच्या नजरेला पडू नये म्हणून खाऊन टाकलं."