येसूचा ओरडा

तुमच्या आजोबांच्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गजाल. नेमकं साल विचारू नका. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि दरवर्षी सांगावं लागतं की साल कुणालाच ठाऊक नाही. पाणखोल गाव तेव्हाही इथंच होतं, खाडीच्या तोंडाशी. होड्यांना इंजिनं नव्हती. डोलकाठी आणि शीड, बाकी सगळा वाऱ्याचा कारभार. आणि गावात येसू होती.

येसू माडावर चढायची. नवरा गेल्यावर त्याची कोयती आणि पायात अडकवायचा काथ्याचा फासा तिनं उचलला आणि सरळ माड गाठला. बाईमाणूस माडावर चढतं म्हणून गावानं चार दिवस नाकं मुरडली. पाचव्या दिवशी ज्याचे नारळ पाडायचे राहिले होते तो गुपचूप बोलवायला आला. असं म्हणतात, की ती शेंड्यावर जाऊन बसली तरी झावळ हलत नसे. हे जरा जास्तच झालं, पण बाई अंगानं अगदी काटकुळी होती हे खरं.

म्हणूनच होडीवाल्यांना ती लागायची. डोलकाठीच्या टोकाला एक कप्पी असते. तिच्यातून जाणारा दोर ओढला की शीड वर जातं, सैल सोडला की खाली येतं. ती कप्पी अडली की कुणीतरी वर चढून ती मोकळी करायला हवी. आता एवढीशी होडी, तिच्या डोलकाठीवर आडदांड खलाशी चढला तर होडी कलंडायचीच. मग काय, बोलवा येसूला.

आणि कप्पी अडायची कशानं? खाऱ्या हवेनं नव्हे, गंजानं नव्हे. चिंध्यांनी! पाणखोलात कुणाला काही हवं झालं, की नवस बोलून डोलकाठीच्या टोकाला चिंधी बांधायची. उंचावरचं देवीला लवकर दिसतं म्हणे. शीड उतरवून डोलकाठी आडवी केली की लोक रांगा लावायचे. कुणाला मूल हवं, कुणाच्या म्हशीला रेडी हवी, एकाला तर शेजाऱ्याची खोड मोडायला हवी होती. लाल, हिरव्या, पिवळ्या चिंध्यांचा नुसता बुजबुजाट. वाऱ्यानं त्या दोरात गुंतायच्या, दोराबरोबर कप्पीत शिरायच्या, आणि शीड अडकून बसायचं.

येसू वर चढायची, बघायची आणि तिथूनच सुरू व्हायची. "मेल्यांनो, कितीदा सांगूचा तुमका? देवी काय आंधळी हा? तिका देवळात दिसणा नाय?" खाली उभे असलेले खलाशी माना डोलवायचे. "होय गे येसू, चुकला आमचा. परत बांधूचंव नाय." ती उतरून घरी पोचायच्या आत नवी चिंधी लागलेली असायची. बारा वर्षं हेच चाललं होतं. बारा वर्षं! असं म्हणतात, की तिच्या ओरड्यानं किनाऱ्यावरचे कावळे उठून पलीकडच्या गावात राहायला गेले, पण पाणखोलकरांच्या कानात काही शिरलं नाही.

एक गोष्ट मात्र येसूही करत नसे. ती चिंधी कापत नसे. बोटांनी सोडवायची, बाजूला सारायची, फार तर दोन बोटं खाली सरकवायची. कारण नवस फळायच्या आत चिंधी तुटली की नवस उलटतो, हे पाणखोलात शेंबडं पोरही सांगेल. मूल मागितलं असेल तर मूल जातं, पाऊस मागितला असेल तर विहीर आटते. येसू तोंडानं कितीही फटकळ असली तरी दुसऱ्याच्या नवसाला कोयती लावायचं धाडस तिला होत नसे. ही चूक तिचीसुद्धा, हे कबूल करायला हवं.

तिची एकुलती एक मुलगी सगुणा पल्याडच्या गावी दिली होती. पहिलटकरीण. नववा लागला तेव्हा येसू तिला माहेरी आणायला धाकू तांडेलाच्या होडीतून गेली. धाकू म्हणजे होडी हाकण्यात पटाईत आणि नाही म्हणण्यात कच्चा. जो येईल त्याची चिंधी बांधून घ्यायचा. येसूनं निघताना वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "धाकू, ही होडी हा की गोधडी?" धाकू हसला. परतीच्या वाटेवर नऊ माणसं होती, दहावं सगुणाच्या पोटात.

दुपारची वेळ. खाडीचं तोंड दिसायला लागलं होतं, तोच वावटळ उठली. आभाळ काळं झालं, वारा शिडात असा भरला की होडी एका अंगावर झोपली. तोंडाशी खडकांची रांग आहे, आपण जिला म्हातारीचे दात म्हणतो, होडी सरळ तिकडे निघाली. "शीड पाडा!" धाकू ओरडला. दोर सोडला. शीड हललं नाही. दोघं दोराला लोंबकळले. नाही. खालून दोर कापला, तरी त्याचं वरचं टोक कप्पीत घट्ट रुतलेलं. बायका देवीचा धावा करायला लागल्या.

येसू मात्र भडकली. "आता देवीक हाका मारतास? तिच्या नावानंच हो बोळो कोंबलात ना थंय?" एवढं म्हणून तिनं पायात फासा अडकवला, कोयती कमरेला खोवली आणि चढायला लागली. होडी कलंडलेली, डोलकाठी पाण्यावर आडवी झुकलेली, खाली लाटा. अर्ध्यावर पोचेपर्यंत तिनं धाकूच्या सात पिढ्या मोजल्या. पाऊणावर पोचेपर्यंत सगळं गाव झालं. असं म्हणतात, की तिचं बोलणं संपेपर्यंत लाटासुद्धा उचललेल्या तशाच थांबल्या होत्या.

वर पोचून तिनं बघितलं. पन्नास चिंध्या बाजूला फडफडत होत्या. कप्पीत एकच रुतली होती, नवी कोरी गाठ मारलेली, निळ्या काठाची. तिच्याच जुन्या लुगड्याची. बाळाच्या दुपट्यांसाठी तिनंच ते सगुणाला दिलं होतं.

"सगुणा!" ती वरून ओरडली. "ही तुझी?"

सगुणा खाली फळीला धरून बसली होती. रडत म्हणाली, "होय गो आये. तू वर चढतंस नि माझ्या जिवात जीव नसता. तू कधी पडा नये म्हणान नवस बोललंय, निघताना धाकूकडसून बांधून घेतलंय."

असं म्हणतात, की बारा वर्षांत डोलकाठीच्या टोकावर येसू पहिल्यांदाच गप्प झाली. ही चिंधी तुटली तर काय उलटणार, ते तिला कुणी समजवायला नको होतं. खडक एवढे जवळ आले होते की त्यांवरची कालवं दिसत होती. तिनं बोटांनी सोडवून बघितलं. गाठ ओली होऊन आवळली होती. लेकीनं जीव लावून बांधली होती ना.

"गो खुळे," ती म्हणाली, "माका इचारूचा तरी व्हता!"

आणि कोयती चालवली.

शीड धाडकन खाली आलं. वाऱ्याची पकड सुटली, आडवी झालेली होडी एका झटक्यात सरळ झाली आणि डोलकाठी चाबकासारखी उलट्या अंगाला गेली. टोकावर बसलेलं माणूस राहणार कसं? येसू वाऱ्यावर उडाली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. खलाशांनी उड्या मारल्या, वल्ही पुढे केली, हाका मारल्या. काही नाही. वर पाऊस असा कोसळला की हातभर अंतरावरचं दिसेना, आणि खडक कुठं, खाडी कुठं, धाकूला काही कळेना. तो सुकाणू सोडून रडायला लागला.

तेव्हा पावसातून आवाज आला. "डाव्या हाताक घे, मेल्या, डाव्या हाताक! सरळ खंय चललंस?" धाकूनं दचकून सुकाणू धरलं. "आता सरळ! रडतंस कित्या, होडी बघ!" आवाज कधी पुढून यायचा, कधी बाजूनं, आणि एकदाही गोड बोलला नाही. धाकू शिव्या खात खात होडी हाकत राहिला. होडीचा तळ वाळूला लागला, आणि आवाज बंद झाला. किनाऱ्यावरच सगुणा बाळंत झाली. मुलगी. असं म्हणतात, की ती इतक्या जोरात रडली की पलीकडच्या गावातले कावळे तिथूनही उठले.

येसू सापडली नाही. पुढच्या मोसमाला धाकूची होडी पाण्यात घालायची होती. तांडेल माहेरीच राहिलेल्या सगुणाच्या दारात आला आणि मान खाली घालून उभा राहिला. "सगुणा, डोलकाठी रिकामी हा. कप्पीक तेल घातलंय. पण होडी ढकलूक मन घेणा नाय. वरडणारा कोण नाय ना." सगुणा मुलीला कडेवर घेऊन किनाऱ्यावर आली. मग तिनं एकदा तोंड उघडलं ते उघडलं. दोर, कप्पी, शीड, धाकूचा आळस, काही सोडलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडातून शिव्या. धाकू हात जोडून "होय गे, होय" म्हणत राहिला.

तेव्हापासून पाणखोलात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ नंतर, आधी ओरडा. आता होड्यांना इंजिनं आली, शिडं गेली, कप्प्या गेल्या. तरी घरातली बाई किनाऱ्यावर उभी राहते, डिझेलपासून तरंगायच्या जाकिटांपर्यंत एकेक गोष्ट विचारते आणि तांडेलाला चारचौघांत झाडून काढते. तो कितीही मोठा असो, उलट बोलायचं नाही. डोलकाठ्या होत्या तोवर त्यांना पुन्हा कुणी चिंधी बांधली नाही. आणि ज्याच्या घरी ओरडणारं कुणी उरलेलं नसतं, तो आपली होडी वाळूवर तशीच ठेवून शेजारणीची वाट बघत उभा राहतो.