दगडावर आधी नाव कुणाचं?

तह झाला, पण जाहीर होईना!

तांबडगडचा राजा अजिंक्यसेन आणि काळवणचा राजा मार्तंडशेखर यांनी भुलाई नदीचं पाणी निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं ठरवलं होतं. शिक्कामोर्तब झालं, विडे खाऊन झाले. पण दोन्ही मुलखांचा रिवाज असा, की तह दगडावर कोरायचा, नदीवरच्या पुलाच्या मधोमध बसवायचा आणि लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा. त्याशिवाय तो लागूच व्हायचा नाही. अन् तोवर बंधाऱ्याची दारं बंद! दोन्ही काठांवरचा ऊस माना टाकू लागला, आणि दोन्ही राजे एकाच गोष्टीवर हटून बसले होते. दगडावर आधी नाव कुणाचं?

धोंडू पाथरवटानं अजिंक्यसेनाचं नाव आधी कोरलं. काळवणच्या शिपायांनी तो दगड उचलून नदीत टाकला. धोंडूनं दुसरा दगड घेतला आणि मार्तंडशेखराचं नाव आधी कोरलं. या वेळी दगडाला कुणी हात लावला नाही. धोंडूच तांबडगडच्या कोठडीत गेला!

दुसऱ्या दिवशी धोंडूची लेक गोजरा कमरेला छिन्नी-हातोडा खोचून थेट तांबडगडच्या दरबारात उभी राहिली.

"कोण गं तू?" अजिंक्यसेनानं विचारलं.

"धोंडू पाथरवटाची लेक, महाराज. बा कोठडीत आहे आणि माझ्या छिन्न्या बोथट झाल्यात. त्या तापवून धार काढायला भाता ओढणारा माणूस नाही. तेवढा बा परत द्या."

"तुझ्या बापानं आमचं नाव दुसरं कोरलं!"

"त्याच्या आधी पहिलं कोरलं होतं की, महाराज. सध्या मासे वाचतायत."

दरबारात खसखस पिकली. राजानं मिशीवर हात फिरवला. पोरगी त्याला आवडली होती, पण हट्ट सोडवत नव्हता.

"बाप हवा ना? मग कोर! दगड एकच, मजकूर एकच, आणि त्यात आमचंही नाव आधी अन् त्यांचंही नाव आधी! जमलं तर बाप सुटेल. नाही जमलं तर तूही आत!"

"दोन दगड केले तर?" गोजरानं विचारून पाहिलं.

"दोन दगड, दोन मजकूर, म्हणजे दोन तह!" दिवाण त्र्यंबकपंत ओरडले. "उद्या एक खरा म्हणतील, परवा दुसरा!"

"बरं," गोजरा म्हणाली. "पण दगड मी झाकून आणणार. पुलावर बसेपर्यंत कुणी डोकवायचं नाही!"

घरी जाताना मात्र ती विचारात पडली. बोलून तर बसले, आता करायचं काय? वाटेत तिला आटत चाललेलं नदीचं पात्र दिसलं, पाण्यावाचून बंद पडलेली पाणचक्की दिसली, आणि चक्कीपाशी पडलेली भली मोठी तळी, म्हणजे चक्कीचा खालचा दगड, दिसली. ती तिच्याभोवती एकदा फिरली. मग उलटी फिरली. मग स्वतःशीच हसली आणि बैलगाडी आणायला धावली.

पौर्णिमेला पुलावर ही गर्दी! एका टोकाकडून अजिंक्यसेन आला, दुसऱ्या टोकाकडून मार्तंडशेखर. धोंडूला शिपायांनी धरून आणलं होतं. गोजरानं आडव्या दगडावरचं घोंगडं ओढलं.

दगड होता गोल! कडेकडेनं कडं धरून मोठी अक्षरं कोरलेली, आणि मधोमध तसाच गोल फिरत गेलेला पाण्याच्या वाटणीचा मजकूर. अजिंक्यसेन आपल्या बाजूनं वाकला आणि वाचू लागला, "राजा अजिंक्यसेन आणि राजा मार्तंडशेखर..." मार्तंडशेखर समोरून वाकला आणि वाचू लागला, "राजा मार्तंडशेखर आणि राजा अजिंक्यसेन..."

दोघांनी एकदम माना वर केल्या.

"ज्याच्या मुलखातून बघाल, त्याचं नाव आधी," गोजरा म्हणाली. "अक्षर मात्र एकही वेगळं नाही!"

लोकांनी आरोळी ठोकली. पण त्र्यंबकपंतांचं समाधान कुठलं व्हायला! तहांचे कागद ते कापडी रुमालांत बांधून ठेवत आणि प्रत्येक रुमालावर नावाची चिठ्ठी लावत. ते पुढे झाले. "अगं, दप्तरात चिठ्ठी कुणाच्या नावाची लावू? चिठ्ठी काही गोल नसते!"

"पाण्याच्या नावाची लावा, दिवाणजी! 'भुलाईच्या पाण्याचा तह.' शेतकरी तुमच्याकडे येईल तो पाणी शोधत येईल. राजे शोधायला कशाला येईल?"

त्र्यंबकपंत चिठ्ठी लिहायला बसले.

एवढ्यात मार्तंडशेखराचे डोळे बारीक झाले. "थांब, पोरी! दगड गोल आहे, कबूल. पण तुझी छिन्नी तर एका जागी एकच घाव घालते. खरं सांग, तू आधी कुणाचं नाव कोरलंस?"

अजिंक्यसेनही मान पुढे काढून बघू लागला. शिपायांचे हात तलवारींच्या मुठींवर गेले. धोंडूनं डोळे घट्ट मिटून घेतले. त्याला वाटलं, संपलं सगळं. एक नाव घेतलं तर एक राजा खवळणार, दुसरं घेतलं तर दुसरा!

गोजरानं पदरानं दगडावरची धूळ पुसली, दोन्ही राजांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली,

"महाराज, मी आधी 'आणि' कोरलं!"

मार्तंडशेखराला हसू फुटलं. अजिंक्यसेन तर इतका हसला, की तोल जाऊन समोरच्या राजाच्याच खांद्याला धरून उभा राहिला.

"आणि!" तो डोळे पुसत म्हणाला. "अरे, सोडा त्या धोंडूला! उघडा बंधाऱ्याची दारं!"

पाणी धडाडत पुलाखालून निघालं. दोन्ही राजांनी मिळून गोजराला नदीकाठची दगडाची खाण इनाम दिली, आणि यापुढचा प्रत्येक तह तिच्याच हातानं कोरला जाईल असं तिथल्या तिथे जाहीर केलं.