झुंबरने भरलेली कामाची वेळ

निंबटेक गावात एक नगरपंचायत होती आणि त्या नगरपंचायतीत झुंबर नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती, तर त्याला "जरा बस" म्हटलं की तो जरा बसायचा आणि लगेच उठायचा. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. सरकारी कचेरीत असा माणूस शोधून सापडत नाही. आणि सापडलाच, तर सगळ्यांनी जपून राहावं.

कचेरीत पाच कॉम्प्युटर होते. सकाळी चालू केले की ते आपले आपणच अपडेट व्हायला लागायचे. आतला जुना कारभार जाऊन नवा कारभार यायचा म्हणे. पण तो येताना मशीन इतकं हळू व्हायचं, की एक अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा ते अक्षर उमटायचं. मुख्याधिकारी घोलप साहेबांनी विचारलं, "हे कोण बघणार?" पाच कारकुनांनी पाच कारणं सांगून हात झटकले. झुंबरला एकही कारण सुचलं नाही. म्हणून ते काम झुंबरकडे आलं.

सोमवारी दामूअण्णा काठी टेकत आले. त्यांच्या नातीला, रेणुकाला, जिल्ह्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत रहिवासी दाखला तिथं पोचवायचा, नाही तर जागा दुसरीला. बारावीपर्यंत शिकलेली त्या घरातली ती पहिलीच पोर. अण्णांनी चार दिवस आधी येऊन शहाणपणा केला होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

दाखल्यांच्या टेबलावरच्या वाघचौरेताई म्हणाल्या, "अण्णा, मशीन अपडेट होतंय. मी काय करू?"

झुंबरने जिल्ह्याच्या सपकाळ मॅडमना फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्तीचा ठेका त्यांच्याकडे होता.

"अपडेट चालू असताना मशिनला हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "शंभर टक्के होईपर्यंत नुसतं थांबायचं."

"नुसतं थांबायचं," झुंबर म्हणाला आणि थांबला. मशीनचे शंभर टक्के व्हायला सहा वाजले. तोवर ताई घरी पोचून त्यांची आमटी उकळली होती.

मंगळवारी सकाळी झुंबरने नेहमीप्रमाणे गच्चीवरच्या टाकीत पाणी सोडायला मोटर लावली. रोज तो टाकी भरली की मोटर बंद करायचा. आज त्याला आठवलं, चालू असलेल्या मशिनला हात लावायचा नाही. तो हाताची घडी घालून टाकीसमोर उभा राहिला. टाकी भरली. भरून वाहिली. पाणी जिन्यावरून खाली आलं, रांगेतल्या लोकांच्या चपला घेऊन दारातून बाहेर गेलं. कॉम्प्युटरना धोका नको म्हणून साहेबांनी वीज बंद करायला लावली.

"अरे, मोटर बंद का नाही केलीस?" साहेब ओरडले.

"शंभर टक्के झाल्याचं कुठं लिहून नाही आलं, साहेब."

साहेबांनी डोक्याला हात लावला. संध्याकाळी त्यांनी स्वतः मॅडमना फोन केला आणि फोन झुंबरच्या कानाला लावला. मॅडम म्हणाल्या, "नुसतं बघत बसू नका हो. हळू चालतंय असं दिसलं, की बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं."

दामूअण्णा आपली एक चप्पल शोधून घरी गेले.

बुधवारी मशिनं नीट चालत होती. झुंबरने पाचही बघितली. एकही हळू नव्हतं. मग त्याने दाराकडे पाहिलं. दामूअण्णा काठी टेकत, एकेक पाऊल मोजत, रांगेतून पुढे येत होते.

"अण्णा, तुम्ही लई हळू चालताय," झुंबर म्हणाला.

"आरं बाबा, गुडघं गेलंत."

"काळजी नको. बाहेर जा. अर्धा मिनिट गप उभं राहा. मग पुन्हा आत या."

अण्णांना वाटलं, सरकारी नियम असेल. याहून विचित्र नियम त्यांनी आयुष्यभर पाळले होते. ते बाहेर गेले, उभे राहिले, आत आले. रांगेतला नंबर गेला होता. ते शेवटी उभे राहिले आणि पुन्हा हळूच चालले. झुंबरने त्यांना पुन्हा बाहेर पाठवलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी अण्णा ताईंच्या टेबलाशी पोचले आणि त्याच क्षणी मशीन अपडेट व्हायला लागलं.

"लेका झुंबर," अण्णा खुर्चीत बसत म्हणाले, "माझ्या नातीनं तुझं काय वाईट केलंय रं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. झुंबरलाही फार वाईट वाटलं. वाईट वाटून त्याने पुन्हा मॅडमना फोन केला.

"कामाच्या वेळेत अपडेट आलं तर ते घ्यायचंच नाही," मॅडम म्हणाल्या. "न बोलावता जे येतं, त्याला 'नंतर' म्हणायचं. स्क्रीनवर तसं बटण असतं बघा."

गुरुवारी झुंबर दारातच स्टूल टाकून बसला.

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं का?" त्याने पहिल्या माणसाला विचारलं.

"नाही. नळाची तक्रार आहे."

"मग नंतर."

दुसऱ्याला नंतर. तिसरीला नंतर. दामूअण्णांना नंतर. अकरा वाजेपर्यंत सगळी रांग घरी गेली. आत कारकून पंख्याखाली बसून होते. झुंबरचं काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. वाघचौरेताई तर म्हणाल्या, "हे काम झुंबरला छान जमतंय की! आम्हाला शिकायला वर्षं लागली."

दुपारी साहेबांच्या घरून जेवणाचा डबा आला. तोही न बोलावता आला होता. झुंबरने त्याला 'नंतर' म्हणून परत पाठवलं. तेव्हा मात्र साहेबांच्या लक्षात आलं, की कचेरीत मोठा घोटाळा चाललाय. भुकेल्या पोटी ते मॅडमवर फोनवर असे बरसले, की मॅडमही वैतागल्या.

"साहेब, पक्का इलाज सांगते," त्या म्हणाल्या. "मशिनमध्ये तुमच्या ऑफिसची कामाची वेळ भरून टाका. त्या वेळेत अपडेट येणार नाही. बाकी सगळ्या वेळात होईल. पण वेळ खरी भरा, उगाच अंदाजे नको."

"झुंबर, ऐकलंस?" साहेब म्हणाले. "कामाची वेळ भर. खरी भर." आणि ते जेवायला घरी गेले.

झुंबर एकोणीस वर्षं त्या दारासमोर स्टुलावर बसला होता. कोण कधी येतं, कधी उठतं, हे त्याला पाठ होतं. त्याने विचार केला. दहाला कुलूप उघडतं, पण माणसं येतात अकरापर्यंत. मग चहा. मग कालच्या मालिकेत काय झालं ते. मग मटार सोलणं, नाही तर पेपर. बारा चाळीसला साहेब फेरी मारतात, तेव्हा सगळे खाली मान घालून काम करतात. एक वाजून पाच मिनिटांनी डबे उघडतात. जेवणानंतर साहेबांचं दार बंद, म्हणून बाकीच्यांचे डोळे बंद. चारला पुन्हा चहा. पाचला पिशव्या भरायच्या.

त्याने पाचही मशिनांत वेळ भरली. बारा चाळीस ते एक पाच.

शुक्रवारी दहाला पाचही कॉम्प्युटर एकदम अपडेट व्हायला लागले. दामूअण्णा सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. दीडची बस चुकली तर पाचच्या आत जिल्ह्याला पोचणं शक्य नव्हतं. साहेबांनी मॅडमना फोन लावला. मॅडमनी तिकडूनच तपासलं.

"साहेब, तुमच्या ऑफिसची कामाची वेळ दिवसाला पंचवीस मिनिटं भरलीय."

"झुंबर!" साहेबांचा आवाज बाजारापर्यंत गेला. "ही वेळ कुठून आणलीस?"

"खरी भरायला सांगितली होती, साहेब."

"बाहेर पाटीवर काय लिहिलंय? दहा ते सहा! पाटीवर एक आणि मशिनमध्ये भलतंच, हे चालायचं नाही. दोन्ही एकसारखं कर. आत्ताच्या आत्ता!" साहेब तणतणत बैठकीला गेले.

मशिनमध्ये अपडेट चालू होतं, म्हणजे मशिनला हात लावता येत नव्हता. राहिली पाटी. झुंबरने भिंतीवरच्या घोषणा रंगवून उरलेला निळा रंग आणला. दहा ते सहा पुसलं आणि सुबक अक्षरांत लिहिलं: 'कामाची वेळ – दुपारी १२.४० ते १.०५.'

लोकांनी पाटी वाचली. कोणी हसलं नाही, कोणी भांडलं नाही. सगळ्यांना ती बरोबरच वाटली. बारा चाळीसला रांग दारापासून पिंपळापर्यंत गेली होती. त्याच मिनिटाला कॉम्प्युटर मोकळे झाले आणि वाऱ्यासारखे पळायला लागले. साहेब फेरीला आले म्हणून कारकुनांच्या माना खाली होत्या. बारा बावन्नला अण्णांचा दाखला छापून झाला. राहिली साहेबांची सही.

"चारला या," साहेब सवयीने म्हणाले.

"चारला कसं, साहेब?" झुंबर म्हणाला. "चारला कामाची वेळ नाही."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या दोघांनी मोबाइल वर धरले होते. साहेबांनी मुकाट्याने पेन काढलं. अण्णांच्या कागदावर सही केली, मागच्याच्या केली, त्याच्या मागच्याच्याही केली. एका बैठकीत एकतीस सह्या. एवढं काम त्यांना झेपलं नाही. त्यांचं डोकं भणभणलं.

"मी आत जरा पडतो," ते झुंबरला म्हणाले. "मला कोणी हाक मारायची नाही. दार वाजवायचं नाही." आणि त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

एक वाजून पाच मिनिटांनी झुंबर कारकुनांना म्हणाला, "कामाची वेळ संपली." त्यात शुक्रवार. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दोन मिनिटांत कचेरी रिकामी झाली. झुंबरने मुख्य दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बहिणीच्या गावाला जायला दीडची बस पकडली. बसमध्ये त्याने अण्णांना खिडकीची जागा मिळवून दिली.

बाकीचे कागद घेऊन सकाळीच पुढे गेलेली रेणुका तीन वाजता जिल्ह्याच्या स्टँडवर उभीच होती. अण्णांनी तिच्या हातात दाखला दिला. पोरगी तो घेऊन कॉलेजकडे धावत सुटली आणि अण्णा गुडघे विसरून तिच्या मागे निघाले.

बस झुंबरला घेऊन पुढे निघाली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"झुंबर! दार उघड!"

"कोण, साहेब? कुठलं दार?"

"ऑफिसचं! मी आत आहे! बाहेरून कुलूप आहे! चिटपाखरूसुद्धा नाही इथं!"

झुंबर घाबराघुबरा झाला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असलं काही त्याने ऐकलं नव्हतं.

"अहो साहेब," तो कळवळून म्हणाला, "कामाची वेळ संपून दोन तास झाले. तुम्ही तर 'जरा पडतो' म्हणाला होतात. अजून ऑफिसात काय करताय? सवय नाही, तब्येत बिघडेल. गप पडून राहा. सोमवारी बारा चाळीसला उघडतोच की!"