मालसुऱ्याच्या मोठ्या पेटीचा दम

मालसुरे बंदराच्या नगरभवनात शिरलं की समोरच्या भिंतीवर जमिनीपासून आढ्यापर्यंत धातूचे नळे उभे दिसतात. काही दोन पुरुष उंच, तर काही करंगळीएवढे. हा पाइप ऑर्गन. गावात त्याला 'मोठी पेटी' म्हणतात. बाहेरगावचा माणूस तिचा कार्यक्रम ऐकायला आला की मध्येच बुचकळ्यात पडतो. अर्धा कार्यक्रम झाला की वादक हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसतो. मग ना भाषण, ना चहा. पाच-सात मिनिटं सगळं सभागृह नुसतं बसून असतं. याला 'दम' म्हणतात. ही पद्धत कशामुळे पडली, हे भवनाचे जुने रखवालदार गजानन पेडणेकर पाहुण्यांना खाली बसवून सांगतात.

पेटी गलबतातून आली ती इंग्रजी अमदानीत. तेव्हा गावात वीज नव्हती. पेटीला वारा पुरवायला भिंतीमागच्या खोलीत चामड्याचा मोठा भाता होता. त्याचा दांडा वर-खाली करत राहायचं. भात्याचं काम म्हणून ते लोहाराच्या घरी गेलं. आधी तानूबाईच्या सासऱ्यानं केलं, मग नवऱ्यानं, आणि तो गेल्यावर तिनं. खोली कसली, कपाटच ते. खिडकी नाही, टेकायला जागा नाही. भिंतीवर दोरीला शिशाचा एक गोळा लोंबत असे. भात्यातला वारा कमी झाला की गोळा वर चढायचा. तो खडूच्या रेघेपर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच तिला माहीत होतं. पलीकडे काय वाजतंय ते तिला भिंतीतून ऐकू येई. वाजवणाऱ्या इनास मास्तरांची तिला येता-जाता दिसणारी नुसती पाठ माहीत होती.

पुढे खाऱ्या हवेनं भाता कुजला, उंदरांनी चामडं कुरतडलं, आणि पेटी मुकी झाली. अकरा वर्षं ती तशीच होती म्हणे. तानूबाई चुन्याच्या भट्टीवर जाऊ लागली. तिथे तिच्या उजव्या खांद्यात जी कळ बसली ती कायमची.

मग नगराध्यक्ष रावसाहेब दिघ्यांनी मनावर घेतलं. मुंबईहून कारागीर आला. नळे उतरवून धुतले, नवं चामडं शिवलं. शेवटी राहिलं सूर लावणं. अकराशे नळे, एकेक वाजवून, ऐकून, तासून जुळवायचा. आणि नळा वाजायचा तर वारा हवा. तानूबाईला बोलावणं गेलं. तिचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं, पण त्या भात्याची सवय असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

चाळीस दिवस सूर लागत होते असं सांगतात. सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. त्यात गाणं नाही, काही नाही. एकच सूर, तासभर. मग शेजारचा सूर. तानूबाई घरी जाई तेव्हा भाकरी थापायचंही त्राण नसे. भाताचं पाणी पिऊन आडवी होई. चाळिसाव्या दिवशी दुपारी शेवटचा नळा लागला, आणि त्याच संध्याकाळी उद्घाटन ठेवलेलं होतं. तिला कुणी विचारलं नाही. तिनंही कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, हेच तिला सुचलं नाही.

सभागृह भरलं. पाहुणे आले, हार झाले. इनास मास्तरांनी वाजवायला घेतलं. अकरा वर्षांनी तो आवाज ऐकून माणसं डोळे पुसत होती म्हणे. भिंतीमागे तानूबाई गोळ्याकडे बघत होती. अर्धा कार्यक्रम झाला असेल. तिला दिसत होतं की गोळा रेघेकडे चढतोय. हात उचलायचा असं तिनं ठरवलं, पण हात उचललाच गेला नाही. ती भिंतीला घसरत खाली बसली.

पेटी विव्हळली आणि गप्प झाली.

रावसाहेब तरातरा मागे आले. "ऊठ. सगळ्यांसमोर शोभा केलीस."

"उठते," ती म्हणाली. पण तिला उठवेना.

रावसाहेबांनी दोन शिपायांना दांड्याला लावलं. त्यांनी असा काही रेटा दिला की नवी शिवण करकरली. तेवढ्यात इनास मास्तर दारात आले. त्यांनी शिपायांचे हात धरले. मग त्यांनी ती खोली पाहिली. पेटी मुकी होईपर्यंत बावीस वर्षं वाजवत होते, पण या दारातून आत कधी आले नव्हते.

"तानूबाई, काय होतंय?"

"काही नाही, मास्तर. दमले. थोडं बसू द्या, मग ओढते."

मास्तर बाहेर गेले आणि लोकांना म्हणाले, "वारा भरणाऱ्या बाई दमल्यात. चाळीस दिवस झाले, त्यांना बसायला मिळालेलं नाही. त्या उठतील तेव्हा मी वाजवीन. घाई असेल त्यांनी खुशाल जावं."

मग ते आत येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले. बाहेर कुणी जागचं हललं नाही. त्या वेळी भाता रिकामा होता, तरी सगळ्यात मोठा नळा अगदी खालच्या सुरात घुमत राहिला, आणि ती उठेपर्यंत थांबला नाही, असं म्हणतात. कारागिरानं दुसऱ्या दिवशी तो नळा तपासला. त्याला काही उलगडलं नाही.

तानूबाई आपली आपण उठली. तिनं उरलेला कार्यक्रम पार पाडला.

रावसाहेब तिला काढणार होते. मास्तर म्हणाले, "मग वाजवणारा पण बघा." ती राहिली. जोडीला एक गडी मिळाला, खोलीला खिडकी पडली. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर मास्तरांनी मधोमध शाईनं एक शब्द लिहिला: दम.

आता भात्याला विजेची मोटार आहे. ती थकत नाही. मागच्या दुरुस्तीच्या वेळी नव्या अभियंत्यानं विचारलं होतं, ही खोळंबून बसण्याची पद्धत आता कशाला? गावानं ऐकलं नाही.

आजही मालसुऱ्यात दम पाळतात. बाजार उठवून आलेल्या कोळणी असतात, एसटीचे चालक असतात, दवाखान्यातली कामाची पाळी संपवून आलेल्या बाया असतात. त्यातल्या एखादीचा डोळा लागतो. तिला कुणी हलवत नाही. आणि दमानंतरचा पहिला सूर वादक अगदी हळू धरतो, झोपलेलं माणूस दचकू नये इतका.